दोन पायली ज्वारी

गेल्या वर्षी ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी आम्ही आजीच्या कबरीला चुना देत होतो. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी ही रीतच आहे. शनिवारी ऊन कललं की माणसं खुरपी, बादल्या, कुंचे घेऊन कबरस्तानात येतात, वर्षभर माजलेलं काँग्रेस गवत उपटतात, खचलेले दगड सारखे करतात आणि आपापल्या माणसांना पांढरंशुभ्र करून ठेवतात, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच तिथे येशू मेलेल्यांतून उठला त्याची उपासना भरते. रात्रभर भिजवलेल्या चुन्याचा नाकात चढणारा ओला वास, उपटलेल्या गवताचा कडवट वास, आणि पलीकडे कुणीतरी पेटवलेल्या कचऱ्याचा धूर. माझा भाचा पुण्याहून आला होता. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कुंचा त्याच्या हातात होता, बादली माझ्या. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि मग कबरीच्या डोक्याकडच्या दगडाशी बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, पणजीचे वडील मिशनमध्ये ज्वारीसाठी गेले होते ना? दुष्काळात?"

मी हो म्हटलं.

"मग आपण कशावर विश्वास ठेवतो? ज्वारी मिळाली म्हणून एक माणूस ख्रिस्ती झाला, आणि त्याच्या घरात जन्मलो म्हणून आपण झालो. उद्या पहाटे इथं उभं राहून 'प्रभू उठला आहे' म्हणायचं. ते खरं कशावरून, मामा?"

तो हिणवत नव्हता. हिणवणं मला लगेच कळतं, शाळेत ते पुष्कळ ऐकलंय. त्याच्या आवाजात खरंच विचारणाऱ्या माणसाचा अडखळलेपणा होता, आणि तेच मला जड गेलं. मी म्हणालो, "चुना घट्ट होतोय, आटप." दुसऱ्या दिवशी पहाटे मेणबत्त्या लागल्या, पाळक साहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे", सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे", आणि माझ्या शेजारी उभा असलेला तो पोरगा गप्प राहिला. त्याच्या बोटांच्या पेरांवर चुना तसाच होता. त्या दिवसापासून वर्षभर ते वाक्य माझ्याबरोबर हिंडतंय. बाजारात, बसमध्ये, रात्री पाणी प्यायला उठल्यावरसुद्धा. मी बगल दिली होती. आणि ज्या बाईच्या कबरीपाशी उभं राहून मी बगल दिली, तिने जन्मभर कधी कुठल्या प्रश्नाला बगल दिली नव्हती.

आजी ज्वारीची गोष्ट स्वतःहून सांगायची. कुणी विचारायची वाट बघायची नाही. घरात पाहुणे असोत, पाळक साहेब असोत, जेवणं झाली की भिंतीला टेकून सुरू. "माझा बा पोटासाठीच गेला व्हता. दुष्काळ पडला, ढोरं मेली, मानसं पाला खायाची. मिशनच्या कंपाउंडात धान वाटत्यात आसं कळलं. दोन पायली जवारी पदरात पडली, तवा येशूचं नाव पैल्यांदा कानावर आलं." हे सांगताना ती दोन्ही हातांची ओंजळ करून पुढे धरायची. हा 1897 चा दुष्काळ. तिचा जन्म त्याच्यानंतरचा, म्हणजे हे सगळं तिने तिच्या आईकडून ऐकलेलं. माझे वडील ओशाळायचे. म्हणायचे, "आई, चार लोकांत कशाला ते?" ती म्हणायची, "झालं ते झालं म्हनाया काय जातंय?" आणि तिथे ती थांबायची नाही. पुढचंही सांगायची. पाऊस पडला, पीक आलं, तसा तिचा बा पुन्हा गावाकडे परतला. पहिलं पोरगं तापाने फणफणलं तेव्हा मरीआईला नारळ फोडून आला. मंडळीत दीड वर्ष फिरकला नाही. आणि मग एका रविवारी आपणहून परत येऊन मागे, दाराशी बसला. हेही ती त्याच आवाजात सांगायची, न लपवता, न रडता.

आमच्या समाजात एक सवय आहे, आणि ती मलाही आहे. कुणी 'भाकरीसाठी बाटलेले' म्हणून टोचलं की आम्ही पटकन मोठी नावं पुढे करतो. नारायण वामन टिळक बघा, चित्पावन ब्राह्मण, कवी, 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घरदार तुटलं, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी त्या वाटेने आल्या. पंडिता रमाबाई बघा, संस्कृतच्या पंडिता, 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे केडगावला मूळ हिब्रू नि ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या. 1922 साली गेल्या तेव्हा ते काम नुकतंच हातावेगळं झालं होतं. या माणसांना ज्वारीची गरज नव्हती, असं आम्ही म्हणतो. खरंच आहे ते. पण म्हणताना मला प्रत्येक वेळी आतून लाज वाटते, कारण ती नावं पुढे करताना मी पणजोबाला मागे ढकलत असतो. गावकुसाबाहेर राहणाऱ्या, उपाशी, अक्षरशत्रू माणसाची साक्ष जणू धरायचीच नाही. शिकल्यासवरल्या माणसांची तेवढी धरायची.

साक्ष हा शब्द मी सहज वापरत नाही. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या कोर्टात होतो, त्यातली बहुतेक नक्कल विभागात. लोक अर्ज करतात, आम्ही जुनी कागदपत्रं काढतो, जबाब, पंचनामे, हुकूमनामे, आणि त्यांच्या खऱ्या नकला करून देतो. पूर्वी हाताने लिहायचो, मग टाइप आलं, मग झेरॉक्स. एकतीस वर्षांत किती जबाब डोळ्यांखालून गेले याची मोजदाद नाही. साक्षीदार खरं बोलतोय की नाही हे ठरवणं माझं काम नव्हतं, ते साहेबांचं. पण रोज वाचून वाचून नजर बसते. पढवलेला साक्षीदार दुरूनच ओळखू येतो. त्याच्या जबाबात त्याला न शोभणारं काहीच नसतं. तो नेमका वेळेवर तिथे असतो, त्याला सगळं स्पष्ट दिसलेलं असतं, तो घाबरलेला नसतो, पळालेला नसतो. आणि तिघे पढवलेले असले तर तिघांचे जबाब शब्दाला शब्द जुळतात. खरा साक्षीदार गडबडतो. म्हणतो, साहेब, मी घाबरलो, झाडामागं लपलो, दोघं होते का तिघं ते नीट सांगता यायचं नाही, पण मारलं ते ह्यानंच. उलटतपासाला वकील त्याच्या त्या 'दोघं का तिघं'वर तुटून पडतात. पण साहेबांची लेखणी पुष्कळदा त्याच जबाबापाशी थांबते.

शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावांची येशूच्या चरित्राची चार पुस्तकं, मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण जबाब म्हणून ती वाचायला मला चाळिशी उलटावी लागली. एका दुपारी कोर्टाला सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं, आणि शिष्य पेत्राने येशूला नाकारल्याचा भाग वाचताना मी थबकलो. महायाजकाच्या वाड्याचं अंगण, रात्रीची थंडी, कोळशांचा विस्तव, भोवती शेकत बसलेली माणसं. एक मोलकरीण त्याच्याकडे निरखून बघते आणि म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. आणि मंडळीचा पुढारी, ज्याच्या नावावर पुढे सगळं उभं राहिलं, तो एका मोलकरणीपुढे फितूर होतो. एकदा नाही, तीनदा. शपथा घालून म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवतो. मी पुस्तक मिटलं आणि मला आजी आठवली. झालं ते झालं म्हनाया काय जातंय. पेत्राच्या हयातीत आणि त्याच्या मागे ज्यांनी ही गोष्ट सांगितली ते त्याचे वैरी नव्हते, त्याचीच माणसं होती. मार्काने पेत्राच्या आठवणींवरून लिहिलं असं दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा बिशप पापियास सांगतो. ते तसं असेल तर ही लाज पेत्राने स्वतःच्या तोंडाने, चार लोकांत, जेवणं झाल्यावर सांगितलेली आहे.

आणि एकदा ही नजर आली की ठायी ठायी दिसायला लागतं. येशूच्या घरचेच लोक त्याला धरून न्यायला येतात, याला वेड लागलंय म्हणून. हे मार्काने लिहून ठेवलंय. त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, हे योहानाने. क्रुसावर तो ओरडतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. ते ओरडणं त्यांनी त्याच्या मूळ बोलीत, एली, एली, असं जसंच्या तसं जपलंय, जणू कानातून जातच नव्हतं. पुनरुत्थानानंतर डोंगरावर शिष्य त्याला बघतात, नमन करतात, आणि मत्तय पुढच्याच शब्दांत सांगतो की काहींना संशय आला. उठलेल्या प्रभूसमोर उभं राहून संशय आलेली माणसं! गोष्ट रचणारा हे वाक्य ठेवेल का? ते पहिलं खोडेल. पढवणाऱ्याचं कामच ते असतं.

पण सगळ्यांत जास्त मला अडवतं ते कबरीपाशी आधी कोण गेलं हे. चारही शुभवर्तमानांत पहिल्यांदा बायका जातात. मग्दालीया मरीया, आणि तिच्याबरोबरच्या. त्या काळच्या यहुदी समाजात बायकांच्या साक्षीला किती किंमत होती ते त्याच शतकातला इतिहासकार योसेफस लिहितो: बायकांची साक्ष घेऊ नये, त्यांच्या उथळ आणि उद्दाम स्वभावामुळे. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने ख्रिस्ती लोकांची टर उडवली ती यावरूनच, की हे पाहिलं कुणी, तर म्हणे एका भ्रमिष्ट बाईने. म्हणजे ही अडचण त्यांनाही ठाऊक होती. आणि लूक तर प्रेषितांनाही सोडत नाही. बायकांनी येऊन सांगितलं तेव्हा त्यांना ती वायफळ बडबड वाटली, असं तो लिहितो. ज्याला लोकांना पटवायचंय तो पेत्राला नाहीतर योहानाला आधी कबरीपाशी पोचवील, नाहीतर ज्याने आपल्या कबरीत देह ठेवला त्या योसेफ अरिमथाईकराला, न्यायसभेच्या सभासदाला. मराठीत सांगायचं तर पाटलाला साक्षीला उभा करील. बायकांना नाही. बायका तिथे आहेत याचं एकच साधं कारण मला सुचतं. त्या तिथे होत्या.

भाचा म्हणेल, मामा, हे सगळं फार नंतर लिहिलंय. हो, शुभवर्तमानं येशूच्या मरणानंतर चाळीस ते साठ-सत्तर वर्षांत लिहिली गेली असं बहुतेक अभ्यासक धरतात. आजीने मला ज्वारीची गोष्ट सांगितली तेव्हा त्या दुष्काळाला सत्तर-पंचाहत्तर वर्षं झाली होती, आणि त्यात पायल्या किती ते कधी बदललं नाही. पण मी तेवढ्यावर भागवत नाही, कारण त्याहून आधीचा कागद आहे. करिंथच्या मंडळीला पौलाचं पहिलं पत्र साधारण 54-55 सालचं. त्यात पंधराव्या अध्यायात तो म्हणतो, मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं: ख्रिस्त आपल्या पापांबद्दल मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला, म्हणजे पेत्राला, दिसला, मग बारा जणांना, मग एका वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, त्यांतले बरेचसे आजही जिवंत आहेत, मग याकोबाला. ही वाक्यं तुकड्यातुकड्यांची, पाठ करायला सोपी, ओवीसारखी. पत्र लिहायच्या आधीच ती पाठ होत होती. आणि गलतीकरांच्या पत्रात पौल सहज सांगून जातो की आपलं परिवर्तन झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमेला गेला, केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. पंधरा दिवस. दोन माणसं पंधरा दिवस एका घरात राहतात, त्यांतला एक काल-परवापर्यंत दुसऱ्याच्या माणसांना तुरुंगात घालत होता, तर ते हवापाण्याबद्दल बोलले नसतील. म्हणजे ही साक्ष घटनेनंतर थोड्याच वर्षांत, जिथे घडलं त्याच गावात, ज्यांनी पाहिलं त्यांच्याकडून घेतलेली आहे. आणि 'बरेचसे जिवंत आहेत' याचा कोर्टातला अर्थ सरळ आहे: पुकारा करा, उलटतपास घ्या.

त्या यादीत बायकांचं नाव नाही, हे मला सलतं. पाठ करायच्या यादीत बहुधा तेवढेच ठेवले असतील ज्यांची साक्ष चालत होती. म्हणजे लाज वाटून बायकांना मागे ठेवणारे तेव्हाही होते, मी पणजोबाला ठेवतो तसे. आणि तरी शुभवर्तमानांत त्या पुन्हा पुढे आल्याच, कारण गोष्ट त्यांच्याशिवाय सुरूच होत नव्हती.

याकोबाविषयी थोडं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. नक्कल विभागात सगळ्यांत जास्त अर्ज कसले येतात तर भाऊबंदकीचे. बांधाचे, विहिरीच्या पाळीचे, वाटणीचे. सख्ख्या भावाने भावाविरुद्ध दिलेले जबाब मी इतके उतरवून काढलेत की भाऊ भावाला मोठा म्हणतो यावर माझा सहजी विश्वास बसत नाही. एका ताटात जेवलेल्या, एका अंथरुणात निजलेल्या माणसाला आपला भाऊ काय आहे ते पक्कं ठाऊक असतं, त्याला फसवता येत नाही. याकोब येशूच्या हयातीत त्याला मानत नव्हता. तोच याकोब काही वर्षांत यरुशलेमेच्या मंडळीचा खांब होतो, आणि 62 साली त्याला दगडमार करून मारलं जातं. ही नोंद कुणा ख्रिस्ती माणसाची नाही, वर म्हटलेल्या योसेफसची आहे. मधे काय घडलं? भावाच्या क्रुसावरच्या मरणाने तर तो आणखी दूर जायला हवा होता, कारण झाडावर टांगलेला माणूस देवाने शापिलेला, असं त्याचंच शास्त्र सांगत होतं. मधे काय घडलं ते पौलाच्या त्या यादीत तीन शब्दांत आहे. मग याकोबाला दिसला.

आता माझी अडचण सांगतो, कारण आजीच्या कबरीपाशी उभं राहून लपवाछपवी करायची नाही. आजी गेली त्यानंतर महिनाभर मला पहाटे तिचा खोकला ऐकू यायचा. माजघरातून, नेहमीचा, दोन कोरडे आणि एक ओला. मी एकदा उठून बघायलाही गेलो. दुःख माणसाच्या कानांना काय काय ऐकवतं ते मला ठाऊक आहे, आणि म्हणून शिष्यांनाही तसंच काहीतरी झालं असेल हा आक्षेप मी कधी हसण्यावारी नेला नाही. कितीतरी रात्री त्याच्याशी झटलोय. पण त्या महिन्यात एकदाही माझ्या मनात आलं नाही की आजी उठली. खोकला ऐकू आला म्हणून मी कबर बघायला गेलो नाही. उलट त्या खोकल्याने ती नाही हेच पुन्हा पुन्हा कळायचं. शिष्यही माझ्यासारखेच, त्यांच्या काळाच्या समजुतीतली माणसं होती. लाजर मेला तेव्हा मार्था म्हणते ना, शेवटच्या दिवशी तो उठेल हे मला ठाऊक आहे; पुनरुत्थान म्हणजे जगाच्या शेवटी, सगळ्यांचं, एकदम. मधेच एकटा माणूस देहासकट उठतो ही कल्पना त्यांच्या मनात तयार नव्हती. भास झाला असता तर ते म्हणाले असते, त्याचा आत्मा दिसला, तो देवापाशी आहे; त्याची कबर त्यांनी सजवली असती, दरवर्षी चुना दिला असता. त्यांनी कबर सोडून दिली. आणि पौल? त्याला तर दुःखही नव्हतं. तो या लोकांना पकडायला दिमिष्काच्या वाटेवर निघाला होता.

नकलांबद्दलही भाच्याने कधीतरी विचारलं होतं, की हातांनी उतरवत उतरवत मजकूर बदलला नसेल कशावरून. हा तर माझ्या धंद्यातलाच प्रश्न. बदलतो, नक्की बदलतो. दोन ओळींच्या शेवटी एकच शब्द आला की डोळा घसरतो आणि मधली ओळ गळते. मी स्वतः गाळलीय आणि बोलणी खाल्लीत. पण चूक सापडते कशी? दुसरी नक्कल शेजारी ठेवून ताडून बघितली की. एकच नक्कल असेल तर कळायला मार्ग नाही, पुष्कळ असल्या तर चूक लपू शकत नाही. नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे. त्या ताडून बघूनच कळलं की मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत, आणि व्यभिचारात धरलेल्या बाईची गोष्टही नाही. आणि हे आजच्या अनेक बायबलांत तळटिपेत उघड छापलेलं असतं. मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात पपायरसचा एक तुकडा आहे, तळहाताएवढा, दुसऱ्या शतकातला म्हणून धरतात. त्याच्या दोन्ही बाजूंना योहानाच्या शुभवर्तमानातल्या काही तुटक ओळी आहेत. कुठल्या, तर पिलातापुढच्या चौकशीतल्या. कुणीतरी, माझ्यासारख्याच कुणा नक्कलकाराने, इजिप्तमधल्या कुठल्याशा गावात बसून उतरवलेला एक जबाब. मी त्याचं छायाचित्र पाहिलं तेव्हा पहिलं काय केलं असेल तर अक्षर बघितलं. सावकाश, ठसठशीत, घाई नसलेलं अक्षर.

आणि ज्वारी? ज्वारी ज्यांना मिळाली नाही त्यांचं काय? साधारण 112 साली बिथुनियाचा रोमन सुभेदार प्लिनी आपल्या सम्राटाला पत्र लिहितो. या ख्रिस्ती लोकांचं करायचं काय, म्हणून विचारतो. चौकशीत त्याला कळलेलं एवढंच, की ही माणसं ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तुती गातात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. खरं काय ते कळावं म्हणून त्याने दोन दासींना धरून त्यांचा छळ केला. त्या मंडळीत सेविका होत्या. नावं त्याने लिहिली नाहीत. पुन्हा बायका, पुन्हा ज्यांच्या साक्षीला किंमत नाही अशा, आणि पुन्हा पहाट. ते वाचलं त्या वर्षी ईस्टरला मी कबरस्तानात जाताना रस्त्यात थांबलो. अंधार होता, पुढे मेणबत्त्या हलत होत्या, बायका गात चालल्या होत्या. एकोणीसशे वर्षं झाली, आणि तीच वेळ, तेच काम.

रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली एका भिंतीच्या गिलाव्यावर ओरखडून काढलेलं एक चित्र सापडलं. क्रुसावर माणूस, त्याला गाढवाचं डोकं. खाली हात वर केलेला एक पोरगा. आणि वेड्यावाकड्या ग्रीक अक्षरांत लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाला भजतो. साधारण 200 च्या आसपासचं म्हणतात. त्याला कुणीतरी चिडवलंय. माझ्या शाळेच्या भिंतीवरही कोळशाने असंच काही लिहिलेलं असायचं, त्यामुळे मला तो पोरगा ओळखीचा वाटतो. अशा देवाचं नाव सांगून त्याला काय मिळत होतं? पहिल्या माणसांना काय मिळालं? पौलाने स्वतःच यादी दिलीय, पाच वेळा एकोणचाळीस फटके, तीनदा छड्या, एकदा दगडमार. माणूस चुकीच्या गोष्टीसाठीही मरतो हे मला मान्य आहे, इतिहासात अशी माणसं सगळ्या धर्मांत, सगळ्या पक्षांत आहेत. पण ज्याने स्वतः पाहिलं असं म्हटलंय, आणि पाहिलं नसेल तर ते खोटं आहे हे ज्याला एकट्याला ठाऊक आहे, तो फटक्यांखाली सहसा जबाब फिरवतो. फिरवलेले जबाब मी कपाटंभर बघितलेत, आणि पुष्कळदा तर फटक्यांचीही गरज पडत नाही. पेत्र त्या रात्री एका मोलकरणीच्या बोटापुढे फिरला होता. नंतर फिरला नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या दिवशी भाचा पुन्हा आला. मला वाटलं होतं येणार नाही. चुना त्यानेच भिजवून ठेवला होता, रात्रीच. आम्ही कबरीपाशी बसलो आणि या खेपेला मीच सुरुवात केली. वर लिहिलंय त्यातलं थोडंसंच बोलता आलं, कारण मला बोलताना शब्द आठवत नाहीत, मी लिहिणारा माणूस. बायकांचं सांगितलं, याकोबाचं सांगितलं. खोकल्याचंही सांगितलं, ते त्याने कान देऊन ऐकलं. मग म्हणाला, "पण खापरपणजोबा? ज्वारी मिळाली, पीक आलं, गावात परत गेले. मग पुन्हा का आले? तेव्हा तर दुष्काळ नव्हता."

हा प्रश्न मी आजीला विचारला होता, बारा-तेरा वर्षांचा असताना. तेव्हा ती ज्वारी पाखडत होती आणि सुपातून मान वर न करता म्हणाली होती, "पेल्यासाठी." पहिल्यांदा प्रभुभोजन घेतलं, तेव्हा येशूच्या रक्ताची खूण म्हणून द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांत फिरला होता. साहेबाने प्यायला, मडमेने प्यायला, एका बामणाच्या बाप्तिस्मा घेतलेल्या पोराने प्यायला, आणि मग तो तिच्या बाच्या हातात आला. न पुसता. गावच्या विहिरीवर त्याला वरून ओंजळीत पाणी मिळायचं. तो दीड वर्ष शेतावर राबला, मरीआईला जाऊन आला, आणि त्याच्या ओठांवरून त्या पेल्याची कड जाईना. मग त्याने परत येऊन पाळकाला विचारलं, की ज्याचं हे रक्त म्हणता त्याला कुठं मारलं? पाळकाने सांगितलं, वेशीबाहेर. तो म्हणाला, मंग तो आमच्याकडचाच हाय. पण मेलेला हाय का जिता, ते मला नीट सांगा.

त्यालाही तेच विचारायचं होतं. पोट भरलं होतं, तेव्हा विचारलं.

भाचा काही बोलला नाही. त्याने कुंचा बादलीत बुडवला, कडेला निथळवला आणि आजीच्या नावाच्या अक्षरांत चुना जाऊ नये म्हणून दगडाजवळ हात अगदी हळू चालवला. ऊन उतरलं होतं. पलीकडच्या कबरीवर कुणीतरी आत्ताच झेंडू ठेवून गेलं होतं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "मामा, दोन पायली म्हणजे नक्की किती?"

मी सांगितलं की गावागावाची पायली वेगळी असायची. मग बादली खाली ठेवली आणि चुन्याने भरलेल्या दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्यापुढे धरली, आजी धरायची तशी, आणि अशा किती ओंजळी ते मोजायला आम्ही दोघं तिथेच बसलो.